हातगुण

आपल्याकडे औषधापेक्षा डॉक्टरच्या हातगुणावर विश्वास अधिक. अमक्याची सुई कळतही नाही, तमक्याची दोन दिवस ठणकते, ही चर्चा एस.टी.च्या थांब्यावरही ऐकू येते. हा हातगुण म्हणजे नेमके काय, हे गेल्या वर्षी इंदुरात अक्काच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मला थोडेफार उमगले.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना शमवण्यासाठी तिच्या पाठीत, मणक्यांच्या मधून, बारीक नळी बसवायची होती. भाची भूलशास्त्र शिकते. ती म्हणाली, "मामा, शेवटचा पिवळा बंध फार चिवट. तोवर सलाईन भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबला जात नाही. बंध पार झाला, की एकदम सैल पडतो. तिथेच थांबायचं. जरा पुढे गेलं, की आतलं आवरण फुटतं आणि पेशंटचं डोकं कितीतरी दिवस दुखत राहतं."

"आणि हे शिकवतात कसं?"

"सरांच्या बोटांना काय जाणवतं, ते सरांनाच ठाऊक. आपण बघायचं. मग एक दिवस सुई आपल्या हातात."

माझ्यातला मास्तर दचकला. आमच्या मुलाचे गणित चुकले तर थोडी लाल शाई खर्ची पडते. इथे पहिला धडा कुणाच्या तरी अक्काच्या पाठीवर!

वैद्यकाला कान नवा नाही. छातीवर बोटांनी ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत आउएनब्रुगरने १७६१ सालीच ग्रंथरूपाने मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. दारूची पिंपे ठोकून पाहताना त्याला हे सुचले, असे सांगतात. सुईला मात्र आवाज फार उशिरा मिळाला. २००३ साली डच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या युक्तीत सुईतल्या द्रवाचा दाब ध्वनीत बदलतो. दाब वाढला की सूर चढतो. बंध पार होताच तो झपकन उतरतो. २०१८ साली जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या संशोधकांनी तर सुईच्या बाहेरच्या टोकाशी मायक्रोफोन बसवून आतल्या ऊती भेदताना उठणारी कंपनेच टिपली.

आजही बहुतेक ठिकाणी भरवसा बोटांवरच आहे, आणि बोटे निरुपयोगी ठरतील असे मला वाटत नाही. पण अमीर खाँसाहेब ज्या इंदुरात वाढले, तिथे तरी हे पटावे: गाणे शिकवता येते, कारण शिष्याचा सूर गुरूला ऐकू येतो. सुईला सूर लाभला, तर शिष्याचा हात गुरूला ऐकू येईल आणि वेळेवर "थांब" म्हणता येईल. शिकवण्यात याहून मोठे काही असते, असे इतक्या वर्षांत मला तरी आढळलेले नाही.