एका माणसाच्या मापाची घटना

दिवाळीच्या कापडखरेदीला गांधीनगरला जायचे, हा कोल्हापूरकडच्या मंडळींचा जुना रिवाज आहे. १९६२ साली मी बारा वर्षांचा होतो. दिवाळीला आजोळी गेलो होतो आणि मामा आम्हा चौघा भावंडांना घेऊन गांधीनगरला निघाले. एकाच ताग्यातून चौघांचे सदरे बेतायचे, हा मामांचा काटकसरीचा बेत. सिंधी दुकानदार कापड मोजीत होता. तेवढ्यात मामा सहज म्हणाले, "ही सिंधी मंडळी फाळणीनंतर आली. त्याआधी इथं पोलंडची माणसं राहत होती. सुमारे पाच हजार! बायका नि पोरंच जास्त."

"पोलंडची माणसं इथं कशाला आली?"

"त्यांचा देश नकाशावरून पुसला गेला होता, म्हणून."

"मग त्यांना पोसत कोण होतं?"

"त्यांचंच सरकार."

देश नाही, आणि सरकार मात्र आहे! बाराव्या वर्षी मला ही भुताची गोष्ट वाटली. मी पुढचा प्रश्न विचारताच मामांनी विषय सदऱ्याच्या बाह्यांकडे वळवला. त्यावरून एवढेच समजले की, पुढचे त्यांनाही ठाऊक नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला निवृत्त व्हावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये, वळिवड्याच्या त्या छावणीत ज्यांचे बालपण गेले अशी काही वृद्ध पोलिश मंडळी कोल्हापूरला येऊन गेली. ती बातमी वाचली आणि मामांचे वाक्य पुन्हा आठवले. मग मी पोलंडच्या दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांच्या मागे लागलो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, माणसाने निवृत्तीनंतर बागकाम करावे. परक्यांच्या घटना वाचू नयेत. त्यांचे म्हणणे रास्त असेलही. पण वाचता वाचता मला त्या परक्या घटनेत माझेच एक जुने पाप सापडले, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी मिळून पोलंड गिळला होता. तो १२३ वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, पुन्हा उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, तर तीन राज्यांचे कायदे, निरनिराळी नाणी, आणि रशियाकडच्या भागात रुळांची रुंदीदेखील वेगळी, असा तो संसार होता. शिवाय लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा युक्रेनियन, ज्यू, बेलोरशियन आणि जर्मन लोकांचा.

या संसाराचे दोन कर्ते पुरुष होते, आणि त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. युसेफ पिल्सुद्स्की हा जुना क्रांतिकारक. रशियाविरुद्ध गुप्त छापखाना चालवलेला, सायबेरियात हद्दपारी भोगलेला, आणि आता मार्शल झालेला. अनेक जमातींना एका छत्राखाली नांदवणारे प्राचीन पोलंड त्याच्या डोळ्यांपुढे होते. दुसरा रोमान द्मोव्स्की. राष्ट्र म्हणजे पोलिश भाषेचे, कॅथॉलिक धर्माचे लोक. बाकीच्यांनी एकतर आपल्यात विरघळावे, नाहीतर बाजूला बसावे, हा त्याचा विचार. १९२१ साली घटना लिहायची वेळ आली, तेव्हा द्मोव्स्कीच्या पक्षाला एकच भीती होती : राष्ट्राध्यक्ष होणार तो पिल्सुद्स्कीच.

मग त्यांनी काय करावे? अध्यक्षपदाचे पंखच कापून टाकले! १७ मार्च १९२१ च्या त्या घटनेचा नमुना फ्रान्सचा. सारी सत्ता सेयमकडे, म्हणजे त्यांच्या लोकसभेकडे. अध्यक्षाला कायदा अडवण्याचा अधिकार नाही. सेयम बरखास्त करायची, तर सीनेटच्या पाचांपैकी तीन सभासदांची संमती हवी. आणि सर्वांत बोलके कलम असे की, अध्यक्ष हा सेनेचा प्रमुख खरा, पण युद्धकाळात सेनापतिपद त्याने स्वतः चालवायचे नाही. आता हे कलम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले, हे वॉर्साच्या टांगेवाल्यालाही कळले असेल. पिल्सुद्स्कीने तो अंगरखा पाहिला आणि घालायला साफ नकार दिला.

इथे मला थांबून आमच्या वाचनालयाविषयी सांगितले पाहिजे.

आमच्या पेठेतले वाचनालय एका गृहस्थांनी उभे केले. त्यांना आपण नाना म्हणू. जागा त्यांनी मिळवली, कपाटे त्यांनी आणली, आणि वीस-बावीस वर्षे अध्यक्षही तेच. संस्था म्हणजे मी, अशी त्यांची समजूत झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९७९ साली आम्ही तरुण मंडळींनी नियमावली नव्याने लिहिली. दहावे कलम माझे : अध्यक्षाने कार्यकारी मंडळाच्या पूर्वसंमतीवाचून पन्नास रुपयांहून अधिक खर्च करू नये, आणि पदरमोड करून केलेला खर्चही यातच धरावा. कारण पदरमोड करून संस्था बगलेत मारणे ही नानांची खोड होती. सभेत कलम वाचले गेले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि छत्री घेऊन निघून गेले. आम्हाला त्या रात्री लोकशाहीचा विजय झाल्यासारखे वाटले. चहा आणि भजी झाली.

पोलंडमध्ये मात्र गोष्ट भज्यांवर थांबली नाही. पिल्सुद्स्की उभाच राहिला नाही, तेव्हा ९ डिसेंबर १९२२ रोजी दोन्ही सभागृहांनी मिळून गाब्रिएल नारुतोविच यांना अध्यक्ष निवडले. हा माणूस धरणे बांधणारा इंजिनिअर. झुरिकला प्राध्यापकी केलेला. पहिल्या फेरीत त्यांना जेमतेम ६२ मते होती. पाचव्या फेरीत ते २८९ विरुद्ध २२७ असे निवडून आले, कारण डावे, शेतकरी पक्षाचे आणि अल्पसंख्य जमातींचे सभासद त्यांच्यामागे गेले. झाले! "हा पोलिश लोकांचा अध्यक्षच नव्हे" अशी एकच ओरड उठली. शपथविधीला निघालेल्या त्यांच्या उघड्या गाडीवर लोकांनी बर्फाचे गोळे मारले. १६ डिसेंबरला ते एका चित्रप्रदर्शनाला गेले. चित्र पाहत उभे असताना न्येव्यादोम्स्की नावाच्या एका चित्रकाराने त्यांना गोळ्या घातल्या. अध्यक्षपद पुरता आठवडाही लाभले नाही.

मला या माणसाचे फार वाईट वाटते. पद असे कापूनछाटून ठेवलेले की, त्याच्या हाती कोणाचे बरे-वाईट करण्याची शक्तीच नव्हती. आणि तरीही त्याचा जीव घेण्याइतका द्वेष त्या पदाभोवती साचला होता. कलमांनी सत्ता काढून घेता येते. द्वेष कसा काढून घ्यायचा, ते कोणत्या कलमात बसते, हे मला अजून सापडलेले नाही.

पुढची चार वर्षे सरकारांमागून सरकारे आली आणि पडली. मध्यंतरी नाण्याची किंमत मातीमोल झाली. १२ मे १९२६ रोजी पिल्सुद्स्की पलटणी घेऊन वॉर्सावर चालून आला. पोन्यातोव्स्की पुलावर त्याची गाठ पडली ती अध्यक्ष वोय्चेखोव्स्की यांच्याशी, म्हणजे तरुणपणी झारविरुद्ध बरोबरीने झगडलेल्या जुन्या साथीदाराशी. अध्यक्षाने त्याला कायद्याची वाट सोडू नये असे बजावले. भेट चटकन आटोपली आणि तीन दिवस राजधानीत पोलिश माणसाने पोलिश माणसावर गोळ्या झाडल्या. पावणेचारशेच्या वर माणसे मेली. दोन्ही सभागृहांनी मिळून मग पिल्सुद्स्कीलाच अध्यक्ष निवडले, आणि त्याने पुन्हा नकार दिला! खुर्चीवर मोश्चित्स्की नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक बसले. दोरी मार्शलच्या हाती राहिली.

या राजवटीने आपले नाव 'सनात्स्या' ठेवले, म्हणजे रोग बरा करणे, शुद्धी करणे. शुद्धीकरणाचे पुढे काय होते, ते जगाला ठाऊक आहेच. सप्टेंबर १९३० मध्ये विरोधी पुढाऱ्यांना रातोरात उचलून ब्रेस्टच्या किल्ल्यात डांबले. त्यांत तीनदा पंतप्रधान झालेले शेतकऱ्यांचे पुढारी वितोस होते. आणि मग नव्या घटनेचा घाट घातला गेला. २६ जानेवारी १९३४ रोजी विरोधी सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर गेले. तेवढ्यात सरकारपक्षाने चर्चेसाठी मांडलेले मुद्दे हीच घटना समजावी, असा ठराव आणून मंजूर करून घेतला. ठराव आणणाऱ्याचे आडनाव त्सार, आणि पोलिश भाषेत त्याचा अर्थ झार! कादंबरीकाराने असे नाव ठेवले असते, तर संपादकांनी खोडून टाकले असते. घटनेसारखी वस्तू अशी हातचलाखीने उरकणे खुद्द पिल्सुद्स्कीलाही रुचले नव्हते, म्हणतात.

सीनेटचे सोपस्कार होऊन २३ एप्रिल १९३५ ला त्या घटनेवर सही झाली. आता वारे अगदी उलटे. अध्यक्षाच्या हाती राज्याची एकसंध, अविभाज्य सत्ता; आणि त्याची जबाबदारी कोणापुढे, तर फक्त परमेश्वरापुढे आणि इतिहासापुढे. म्हणजे हिशेब मागायला येऊ शकणार नाहीत असेच दोघे निवडले होते. हा अंगरखा अर्थातच पिल्सुद्स्कीच्या मापाचा. सही झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी, १२ मे १९३५ रोजी, पिल्सुद्स्की वारला.

एक घटना त्याच्याविरुद्ध बेतलेली, ती त्याने घातली नाही. दुसरी त्याच्यासाठी बेतलेली, ती त्याला घालता आली नाही. ही दुसरी शिवून घेणाऱ्यांतला मुख्य माणूस स्वावेक. पुढचा अध्यक्ष आपण होऊ, ही त्याची आशाही फळली नाही. एप्रिल १९३९ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आणि तरीही गोष्ट इथे संपत नाही. या बदनाम घटनेत एक चोविसावे कलम होते. युद्धकाळात अध्यक्षाला आपला वारस नेमता येईल, एवढेच त्यात म्हटले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन असे दोघे चालून आले. मोश्चित्स्की रुमानियात गेले आणि तिथे अडकले. पण त्या कलमाच्या जोरावर त्यांनी वारस नेमला. ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये राचकेविच यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि त्यांनी पंतप्रधान नेमला तो जनरल सिकोर्स्कींना, म्हणजे सनात्स्यावाल्यांनी वर्षानुवर्षे अडगळीत टाकलेल्या त्यांच्या विरोधकाला! ज्यांना दाबण्यासाठी ती घटना लिहिली, त्यांनीच ती पांघरून परमुलखात आपले राष्ट्र जिवंत ठेवले. राचकेविच यांनीही शब्द दिला की, आपले अवाढव्य अधिकार आपण पंतप्रधानांच्या संमतीनेच वापरू.

मामांचे 'त्यांचंच सरकार' ते हे. स्टालिनने सायबेरियात आणि मध्य आशियात हाकलून दिलेली बायकामुले इराणमार्गे १९४३ पासून वळिवड्याला आली. त्यांची चूल, त्यांच्या शाळा चालल्या त्या लंडनला गेलेल्या या सरकारच्या खर्चाने. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. पंचगंगेकाठच्या बराकींत ती बातमी पोचली असेल, तेव्हा त्या आयांनी पोरांना काय सांगितले असेल? १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. लंडनचे ते अध्यक्षपद मात्र एकामागून एक वारस नेमत चालूच राहिले, आणि २२ डिसेंबर १९९० रोजी काचोरोव्स्की यांनी आपली राजचिन्हे वॉर्साला नेऊन लोकांनी निवडलेल्या लेक वालेसांच्या हाती दिली. १९३५ च्या घटनेचे पहिलेच वाक्य, राज्य ही सर्व नागरिकांची सामाईक ठेव आहे अशा अर्थाचे, १९९७ च्या लोकशाही घटनेच्या पहिल्या कलमात थोड्या फरकाने पुन्हा आले आहे.

१९९३ च्या जूनमध्ये मी आमच्या वाचनालयाचा अध्यक्ष होतो. पहिल्याच पावसाला पत्रा उडाला. ताडपत्री आणायची, तर पन्नास रुपयांत येईना. कार्यकारी मंडळाची गणसंख्या सुट्टीमुळे भरेना. पदरचे घालावेत म्हणून पाकीट काढले, तर खजिनदार हसून म्हणाले, "दहावं कलम तुमचंच ना?" चार दिवसांत तीन कपाटांतली पुस्तके भिजून फुगली. त्यांतली बरीचशी नानांनी आणलेली होती.

नाना तोवर गेले होते. किल्ल्या ठेवल्यानंतर ते सभेला कधी आले नाहीत. पण वर्गणी दर वर्षी वेळेवर भरीत, आणि पुस्तक बदलायला रांगेत उभे राहत. रांगेत कधी गाठ पडली, की "काय वाचता सध्या?" एवढे विचारीत. मी पुस्तकाचे नाव सांगत असे. आणखी काही सांगावे असे अनेकदा मनात येई. पण तेवढ्यात माझा नंबर लागे.

नियमावलीची मूळ प्रत अजून माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडला आहे. दहावे कलम माझ्याच हस्ताक्षरात आहे, आणि अक्षर फार सुंदर आले आहे.