कान्हेरीच्या डोंगरावर पाणी कोण वाढीत होतं?

कान्हेरीला जायचे तर पावसाळ्यात, असे मुंबईत सगळेच सांगतात. डोंगर हिरवा असतो, धबधबे असतात, फोटो चांगले येतात. आम्ही गेलो मे महिन्यातल्या एका रविवारी. गावाहून आई पंधरा दिवसांसाठी आली होती, मुलीच्या शाळेला सुट्टी होती आणि आईला ‘बुद्धाचा डोंगर’ बघायचा होता. एवढेच कारण.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजापासून लेण्यांचा पायथा सहा-सात किलोमीटर आत आहे. बसमधून उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि कातळ तापू लागला होता. पाड्यावरच्या बाया पायऱ्यांच्या कडेला काकडी, कैरी, करवंदे घेऊन बसल्या होत्या. आम्ही चौघे, पाण्याच्या बाटल्या पाच. त्यातली एक पहिल्याच वळणावर माकडाने पळवली आणि झाकण चावून फोडली. मोठ्या चैत्यगृहापर्यंत पोहोचेतो दोन संपल्या होत्या.

तिसऱ्या क्रमांकाच्या या चैत्यगृहात शिरल्यावर मात्र बाहेरचा उन्हाळा बाहेरच राहतो. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे हे काम. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या भव्य बुद्धमूर्ती त्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या. आईने खांबाला पाठ टेकली, स्तूपाकडे बघत बराच वेळ हात जोडून बसली. तिच्या ओठांवर त्रिसरण होते.

पुढे एका विहाराच्या अंगणात कातळात खोदलेले टाके दिसले. तोंड लहान, आत खोल, तळाशी हिरवट पाणी, त्यावर वेफर्सची दोन पाकिटे तरंगत होती. मी मुलीला दाखवले की वरच्या कातळावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यात कसे आणले आहे. आई वाकून आत बघत होती. मग तिने विचारले, “इथं पाणी कोन वाढीत असंल रे?”

मुलीला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “आजी, वाढायचं काय त्यात? ज्याला पाहिजे तो काढून घेणार ना.”

मला कळला. आईच्या लहानपणी गावात विहीर होती, पण ती आमची नव्हती. बाया आपल्या घागरी लांब ठेवून उभ्या राहायच्या. वरच्या आळीतले कोणी आले आणि त्याच्या मनात आले तर तो पोहरा ओढून वरून पाणी ओतायचा. याला ‘पाणी वाढणे’ म्हणत. जेवण वाढतात तसे पाणी. उन्हाळ्यात दुपार दुपार जायची, असे आई सांगते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने डोंगरावर पाण्याचे टाके बघितले आणि तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो वाढणाऱ्याचा. तिच्या अनुभवात पाण्याच्या काठावर नेहमी कोणीतरी मालक उभा असतो.

तिच्या प्रश्नाचे उत्तर याच डोंगरावर लिहून ठेवलेले आहे. कान्हेरीत शंभरहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्याभोवती अशी टाकी जागोजागी आहेत. प्राकृत शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. गडकिल्ल्यांवर फिरणारे आजही पोढी हा शब्द वापरतात. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख कान्हेरीत आहे. दुसऱ्या एका टाक्याजवळच्या संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. तिथले दान सतेरक नावाच्या अमात्याचे. धेनुकाकटच्या एका उपासकाच्या मुलीने, जी स्वतः प्रव्रजित झाली होती, लेणे आणि टाके दिल्याचाही लेख आहे. सोनार, अमात्य, भिक्खुणी. एकाचा लेख प्राकृतात, दुसऱ्याचा संस्कृतात, पाणी मात्र एकाच पावसाचे. आणि लेण्यांची दाने कोणाला दिली, तर पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे चातुद्दिस संघ. चारी दिशांचा संघ. कुठूनही आलेला भिक्खू इथे आपल्याच घरी असतो.

म्हणजे आई, इथे पाणी कोणीच वाढत नव्हते. जो तहानलेला, तो काढून घेत होता.

याच वेळी शेजारी एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, “पांडवांनी एका रात्रीत खोदलीयेत ही. वनवासात.” मुलाने विचारले, “एका रात्रीत एवढी?” वडील म्हणाले, “देवाचं काम, बाळा.” वाद घालायची ती जागा नव्हती. पण हा प्रश्न त्या एका गृहस्थांचा नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना अख्खे शहर पांडवलेणी म्हणते. जुन्नरच्या लेण्याद्रीला बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती आहे आणि तो अष्टविनायकांत मोजला जातो. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे. भाविकांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. माझा आक्षेप विस्मरणावर आहे. ‘पांडवांनी खोदली’ म्हटले की सोनार गायब होतो, लोहार गायब होतो, दान देणारी बाई गायब होते, हातोडा आणि छिन्नी धरणारे हजारो हात गायब होतात. उरतो फक्त चमत्कार. आणि चमत्काराला हिशेब विचारता येत नाही. शिलालेख हा हिशेब आहे. म्हणून तो वाचला जाऊ नये, ही सोय कोणाच्या फायद्याची आहे, हे आपण ओळखले पाहिजे.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. लेणी बघून परतताना आपल्यापैकी अनेक जण म्हणतात, तो आपला सुवर्णकाळ होता, तेव्हा जातच नव्हती. मित्रांनो, असे बोलून आपण स्वतःचीच बाजू लंगडी करतो. नाशिकच्या त्रिरश्मीवरच गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणून स्तुती केली आहे. आणि हा लेख भिक्खूंना लेणे दान देतानाचा आहे! म्हणजे वर्णाचा अभिमान त्या काळी राजदरबारात जिवंत होता आणि त्याच राजघराण्याचे दान संघ घेत होता. भोवतालचा समाज समतेचा नव्हता. डोंगरावर एक संस्था होती, जिचा नियम वेगळा होता. समता हवेतून येत नाही. ती नियमातून आणि व्यवस्थेतून येते, आणि ती व्यवस्था चालवणारी माणसे असतील तेवढाच काळ टिकते.

मुलीने उतरताना विचारले, “पप्पा, मग हे पाणी बंद कोणी केलं?” सातवीतल्या मुलीचा प्रश्न आहे, पण इतिहासाचा आहे. एका दिवसात, एका राजाने बंद केले असे उत्तर देता येत नाही. या डोंगरावर हजार वर्षांच्या आसपास वस्ती होती. पण दान आटले, संघ विखुरला, डोंगर ओस पडला. दगड जागेवर राहिले, नियम गेला. संघ गेला की पाण्याच्या काठावर पुन्हा मालक येऊन उभा राहतो.

तो मालक कसा असतो हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. १९०१च्या उन्हाळी सुट्टीत सुभेदार रामजी गोरेगावला नोकरीवर होते आणि मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने गेली. डब्यात जेवण होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि मुलांना रात्र उपाशी काढावी लागली. त्याच लेखनात १९३४चा दौलताबादचा प्रसंग आहे. सहकाऱ्यांसह लेणी बघायला निघालेले बाबासाहेब किल्ल्यापाशी थांबले, हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून गर्दी अंगावर धावून आली. तो जमाव मुसलमानांचा होता, हेही त्यांनी स्वच्छ लिहिले आहे, कारण मुद्दा धर्माच्या नावाचा नव्हता, अस्पृश्यतेच्या रोगाचा होता. या दोन प्रसंगांच्या मध्ये २० मार्च १९२७ येतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे आधीच खुले केले होते. कागदावर हक्क होता, काठावर मालक होता. तो हक्क न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले.

हे सगळे आठवत असतानाच खाली काकडी विकणाऱ्या बाईने आईला सांगितले की त्यांच्या पाड्यावर नळ नाही, हंडा दुरून आणावा लागतो. याच डोंगरांतल्या विहार तलावाचे पाणी १८६०पासून मुंबई शहराला मिळते आहे. म्हणजे वाढणारा बदलला, पाणी वाढणे अजून बंद झालेले नाही. ज्यांना चवदार तळे कळते, त्यांना आदिवासी पाड्याचा हंडा परका वाटता कामा नये.

आता खरा मुद्दा. आपण आज विहार कशाला म्हणतो? आपल्या बहुतेक वस्त्यांमधला विहार म्हणजे एक खोली, एक मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, एक माइक आणि कुलूप. कुलूप १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघते. वर्गणी निघते ती मिरवणुकीसाठी, मंडपासाठी, डीजेसाठी. कान्हेरीच्या लेखांत ‘अखयनीवी’ हा शब्द येतो. अक्षय निधी, म्हणजे मुद्दल तसेच ठेवायचे आणि उत्पन्नातून वर्षावासात भिक्खूंना चीवरादी द्यायचे. शक ७६५, म्हणजे इसवी सन ८४३च्या सुमाराचा, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातला लेख कान्हेरीत आहे. त्यात दानाची रक्कम कशासाठी खर्चायची ते वाटून दिले आहे. पूजेसाठी, विहाराच्या दुरुस्तीसाठी, वस्त्रांसाठी. आणि पुस्तकांसाठीही. साडेअकराशे वर्षांपूर्वी विहाराच्या अंदाजपत्रकात पुस्तकांचे वेगळे खाते होते! आपल्या किती मंडळांच्या हिशेबात आहे?

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रारंभीच बाबासाहेबांनी प्रश्न ठेवला आहे : भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस की समाजसेवक? तोच प्रश्न आज विहारालाही विचारला पाहिजे. केवळ वंदनेची जागा, की वस्तीची पाण्याची, अभ्यासाची, आधाराची जागा?

आमच्या वस्तीच्या विहार समितीपुढे मी तीन गोष्टी मांडल्या आहेत. एक, विहार रोज संध्याकाळी तीन तास उघडा राहील, अभ्यासाला येणाऱ्या कोणत्याही मुलासाठी, जात-धर्म न विचारता. दोन, दारात बाहेरच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कूलर असेल. रिक्षावाला, कुरियरवाला, कचरा उचलणारा, कोणीही विचारल्याशिवाय पाणी घेईल. तीन, जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत जाईल आणि व्याज फक्त पुस्तकांवर खर्च होईल. काही तरुण म्हणाले, मग मिरवणूक लहान होईल. होऊ द्या. एकाने विचारले, नळाचे बिल कोण भरणार? हा प्रश्न चांगला आहे, कारण तो व्यवस्थेचा प्रश्न आहे. कल्याणच्या सोनारालाही तो पडला असणार. नळाच्या पहिल्या वर्षाच्या बिलासाठी आईने आपल्या पेन्शनमधून पाचशे रुपये काढून दिले आहेत. पावतीवर नाव तिचे आहे आणि कारणाच्या रकान्यात खजिनदारांनी लिहिले आहे : पाणी, सर्वांसाठी.

जय भीम! नमो बुद्धाय!