हरण्या

हरण्याला आम्ही २०१४ साली खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी जत्रेत घेतला. खरं तर आम्ही म्हैस बघायला गेलो होतो. थोरल्याने एका खिल्लार खोंडाच्या मानेवर हात टाकला आणि तो तिथून हलेना. "आबा, ह्यो घ्यायचाच." तेरा वर्षांचं पोर. खोंड अदात, दीडेक वर्षाचा. अंग पांढरंशुभ्र, नाकपुडी काळी, शिंगं जेमतेम वीतभर, पण मागं वळायच्या बेतात. हेड्याने रुमालाखाली माझी बोटं दाबली, मी त्याची दाबली. तीनदा झालं, मग सौदा पटला. थोरल्याने तोवर दावं सोडून हातात घेतलंही होतं.

शर्यतीचा बैल करायचा, हे त्याच्या मनात. त्याच वर्षी ७ मेला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. माणदेशात तेव्हा खिल्लाराचे भाव उतरले, कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. लोक म्हणाले, आता ह्याला ठेवून काय करणार? थोरला ऐकून घ्यायचा आणि संध्याकाळी हरण्याला घेऊन ओढ्याच्या वाळूत जायचा. पोरगं पुढं पळतंय, मागं तो खोंड शेपूट उंच धरून. चाबूक त्याने कधी हातात घेतला नाही. त्याचा गूळ असायचा. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याच्या डाव्या खिशात खडा ठेवायचा आणि हरण्याने जिभेने तो काढायचा. सदऱ्यांचे खिसे कायम चिकट, कडा ओल्या. त्यापायी त्याने आईची बोलणी पुष्कळ खाल्ली.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी तोच करायचा. हळद आणि तूप घेऊन खांदा चोळत बसला की तासभर उठायचा नाही. शिंगं तासून हिंगूळ लावायचा, वर बेगड, टोकांना पितळी शेंब्या. पुरणपोळी आधी हरण्याला, मग घरात. हरण्या दुसा झाला, चौसा झाला. प्रत्येक दात थोरल्याने बोटांनी चाचपून पाहिलेला. २०१७ च्या उन्हाळ्यात दात पुरे होऊन हरण्या जुळला. थोरला तेव्हा अकरावीत जाणार होता. मिसरूड फुटली होती, आवाज फाटला होता. हरण्याशी मात्र अजून लहानपणीच्याच बोबड्या आवाजात बोलायचा.

त्या वर्षी श्रावणात हरण्याने कोवळा हिरवा चारा जास्त खाल्ला आणि त्याचं पोट फुगलं. डॉक्टर येऊन तेल पाजून गेले. रात्री लक्ष ठेवायला थोरला गोठ्यातच, घोंगडं टाकून जमिनीवर झोपला. मीच म्हणालो होतो, झोप तिथंच.

पहाटे तीनला तो घरात आला. पोट दुखतंय म्हणाला. आईने ओवा आणि कोमट पाणी दिलं. अंगावर सूज नाही, जखम नाही, कुठं चावल्याची खूण नाही. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड झाल्या. आम्हाला वाटलं, जागरण झालंय, झोपू दे. मग गिळता येईना, बोबडी वळली. जीप मिळाली तोवर उजाडलं होतं. वाटेतच श्वास थांबला.

मण्यार होता. डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. नाग किंवा घोणस चावली की माणूस ओरडत उठतो. मण्यार चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. त्याचं विष नसांवर जातं. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. त्यावर औषध आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर चालणारी एकच लस असते. तिच्यापर्यंत वेळेत पोचावं लागतं. आम्ही दोन तास ओव्यात घालवले.

दुसऱ्या दिवशी हरण्या बरा झाला. वैरण खाल्ली, रवंथ करत बसला. मला त्याचा इतका राग आला की दावणीकडे फिरकलो नाही. विकून टाकतो म्हणालो. थोरल्याची आई काही बोलली नाही. ती पेंढी घेऊन गोठ्यात गेली, आणि त्यानंतर रोज तीच जात राहिली.

दिवाळीनंतर एकदा ती माहेरी गेली म्हणून मला पाणी पाजायला जावं लागलं. हरण्याने मान लांब केली आणि माझ्या सदऱ्याच्या डाव्या खिशात जीभ घातली. खिसा रिकामा. त्याने पुन्हा घातली. मी तिथंच खाली बसलो. संध्याकाळी दुकानातून गूळ आणला. पुढची पाच वर्षं माझे खिसे चिकट राहिले.

२०१९ च्या दुष्काळात त्याला घेऊन चारा छावणीत राहिलो. आजूबाजूच्यांनी जनावरं बाजाराला काढली, आम्ही दोघांनी तसा विषयही काढला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. गावात गुलाल उधळला. दोघंतिघं हरण्याला मागायला आले. तोवर त्याची उमर उलटली होती. मी नाही म्हणालो. त्या संध्याकाळी त्याला ओढ्याच्या वाळूत नेलं. तो पळाला नाही. उभा राहून वाऱ्याकडे तोंड करून हुंगत राहिला.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर लम्पी आला. लस टोचून घेतली होती, तरी त्याला ताप भरला, अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले. कडुलिंबाचा धूर केला, जखमांवर हळद लावली. सोळा दिवस तो उभा होता. सतराव्या दिवशी बसला तो उठला नाही. शेवटचा खडा त्याने जिभेवर घेतला, गिळला नाही.

बांधाकडेला खोल खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरला. दहा वर्षं जगला. आमचा थोरला सोळा.

त्याच्या खुंट्याशेजारी आता लोखंडी खाट आहे, वर मच्छरदाणी. गाय व्यायला आली की मी त्या खाटेवर झोपतो. तुमचं पोर पावसाळ्यात जनावरापाशी झोपत असेल, तर त्याला भुईवर झोपू देऊ नका. खाट द्या, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. आणि पहाटे पोट दुखतंय म्हणून ते उठलं, पापण्या मिटायला लागल्या, तर ओवा शोधत बसू नका. तसंच उचला आणि दवाखाना गाठा.