आधी हवा काढा!

दिवाळीच्या सुटीत नात राहायला येणार म्हटल्यावर आजोबांनी काय करावे? कंदिलाच्या कामट्या तासाव्यात, गच्चीवर किल्ल्यासाठी माती नेऊन टाकावी, फार तर चकलीच्या सोऱ्याला हात लावून सौभाग्यवतींची बोलणी खावीत. माझ्या वाट्याला मात्र गेल्या दिवाळीत थर्मोडायनॅमिक्स आले.

नात केमिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आली ती पाठीवर दप्तर आणि चेहऱ्यावर सुतक घेऊन. चहा झाल्यावर खाली मान घालून म्हणाली, "आजोबा, थर्मोला केटी लागली. तीन आठवड्यांनी पुन्हा पेपर आहे. सूत्रं सगळी पाठ आहेत हो, पण गणित समोर आलं की कुठलं लावायचं तेच कळत नाही. मला वाटतं, मी चुकीच्या लाइनला आले."

हे शेवटचे वाक्य मला लागले. कारण तिला या लाइनला लावण्यात माझा हात होता. पस्तीस वर्षे मी रसायनांच्या कारखान्यांत काढली आणि त्या पस्तीस वर्षांच्या गोष्टी (अर्थात शोभतील तेवढ्याच!) जेवताना सांगत आलो. पोरीला वाटले, हे घराण्यातच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीत आमची शाळा भरू लागली. पहिल्याच संध्याकाळी भांडण झाले. मी पहिला नियम लिहिला : आत दिलेली उष्णता वजा बाहेर पडलेले काम. ती म्हणाली, "वजा नाही, अधिक!" मी माझ्या जुन्या वहीची शपथ घेतली, तिने पुस्तक पुढे धरले. पुस्तकात खरोखरच अधिक होते. मग उलगडा झाला. आमच्या वेळी कामाचा हिशेब वाफेच्या इंजिनाच्या बाजूने होई. इंजिनाने केलेले काम ते धन. आता जे आत येईल ते सगळे धन मानतात, मग ती उष्णता असो की काम. नियम तोच, जमाखर्च लिहिण्याची रीत बदलली. "मग सरांनी हे असं का नाही सांगितलं?" ती म्हणाली. सांगितले असेलही, साठ पोरांच्या वर्गात सांगितलेले सगळेच कुठे पोचते?

जमाखर्चाचा धागा धरून मग बरेच काही सुटले. पदार्थाच्या पोटातली ऊर्जा ही खात्यातली शिल्लक. उष्णता आणि काम म्हणजे भरणा नि उचल. पासबुकात शिल्लक असते, 'भरणा शिल्लक आहे' असे कोणी म्हणत नाही. तसेच 'या पाण्यात इतकी उष्णता आहे' हे बोलणेही चूक. कर्जतहून लोणावळ्याला आगगाडीने जा नाहीतर घाटवाटेने पायी चढा, चढलेली उंची तेवढीच. घाम मात्र वाटेवर अवलंबून. उंची ही अवस्थेची गोष्ट, घाम वाटेची. एवढे मनात बसले की निम्मी सूत्रे आपापल्या जागी जाऊन बसतात.

शून्याव्या नियमावर ती प्रथमच हसली. पहिला आणि दुसरा नियम एकोणिसाव्या शतकात रुजू झाले. त्यांच्याही आधीची एक गोष्ट गृहीतच धरली गेली आहे, हे पुढे विसाव्या शतकात कोणाच्या ध्यानात आले. पत्रिका छापून झाल्यावर थोरल्या काकांचे नाव राहिल्याचे आठवावे आणि ते सर्वांत वर, समासात घुसवावे, तसा हा शून्यावा नियम. तो नसेल तर थर्मामीटरवर विश्वास ठेवायला आधारच नाही.

एन्ट्रॉपीचे मी फारसे सांगत नाही. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनियराने १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी इंजिनांवर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि १८३२ साली पटकीने तो गेला; त्याच्या विचारातून वाट काढत क्लाउसियसने १८६५ साली हा शब्द घडवला. एवढे ऐकून नात म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्याला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं होतं. मला विसाव्या वर्षी नाही कळलं तर चालेल!" चालेल, म्हटले, पण परीक्षेपुरते तरी कळू दे.

खरी मजा आली ती कुकरपाशी. स्वयंपाकघरात वरणभाताचा कुकर लागला होता. मी म्हटले, "शिट्टी हे केवळ वजन आहे. ते आतला दाब ठरवते, बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट. आता तापमान किती?" तिने वाफेची कोष्टके उघडली : सुमारे १२० अंश. "आणि गॅस मोठा केला तर?" ती म्हणाली, "वाढेल." नाही! पाणी आणि वाफ दोन्ही आत आहेत तोवर दाब ठरला की तापमान ठरले. गिब्जचा फेज रूल तो हाच : घटक एक, अवस्था दोन, म्हणून स्वातंत्र्य एकच आणि ते शिट्टीने वापरून टाकले. गॅस मोठा केला तर वाफ जास्त होते नि बाहेर जाते. किलोभर पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत तापवायला २९३ किलोज्यूल लागतात, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला २२५७. साडेसात पटींहून अधिक खर्च, आणि तो सगळा खिडकीबाहेर!

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "पण आजोबा, हे नुसत्या पाण्याचं झालं. आत हवा राहिली असेल तर? मग घटक दोन. म्हणजे स्वातंत्र्यही दोन. मग नुसत्या दाबावरून तापमान नाही ना सांगता येणार?"

मी गप्प झालो. हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. त्याला फेज रूलचे नाव नव्हते, इतकेच.

१९७१ साल. मला नोकरी लागून दीड वर्ष झाले होते. कारखान्याचे नाव कशाला सांगू. चूक कारखान्याची नव्हे, माझी. बाहेरून वाफेचा वेढा असलेल्या एका मोठ्या भांड्यात माल शिजवायचा होता. भांड्यातले थर्मामीटर दुरुस्तीला गेलेले. मी गेजवरून हिशेब केला : दोन किलो दाब, म्हणजे सुमारे १३३ अंश, चार तास पुरे. पाळीवर साताऱ्याकडचे एक ऑपरेटर होते. चौथी शिकलेले, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, "सायेब, लाइन दोन दिस बंद व्हती. आदी हवा काढा." मी माझ्या डिग्रीच्या तोऱ्यात म्हटले, "मामा, गेज बघा. पुस्तकात दाबाला तापमान लिहिलेलं असतं."

पुस्तकात निव्वळ वाफेचे तापमान लिहिलेले असते. वेढ्यात हवा कोंडली होती आणि गेज बिचारा हवा नि वाफ दोघींचा मिळून दाब दाखवत होता. माल कच्चा राहिला, बॅच फुकट गेली. रिपोर्टात वरिष्ठांनी लिहिले, 'ऑपरेटरने वाफ पुरेशी दिली नाही.' मला विचारले, बरोबर ना? मी सही केली. मामांची त्या वर्षीची बढती अडली. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. पुढे ते गावी गेले तेव्हा निरोपाचे भाषण मीच केले आणि त्यांच्या अनुभवाची तोंड भरून तारीफ केली. ही बॅच तेवढी वगळून.

हे सारे मी नातीला सांगितले. का सांगितले कोण जाणे. पन्नास वर्षांहून अधिक काळ कोणाला सांगितले नव्हते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही खरंच सही केलीत?"

"केली."

"म्हणजे तुम्हालाही थर्मो कळलं नव्हतं. पास होऊनसुद्धा."

"नव्हतं. मामांना कळलं होतं."

तिने वही ओढली. "आकडे द्या. हवा किती होती?" मोजली कोणी होती! चौथा हिस्सा धर, म्हटले. तिने एकूण दाब काढला, त्यातला वाफेचा वाटा वेगळा केला, कोष्टकात बोट फिरवले. "१२४च्या आसपास," ती म्हणाली. "नऊ अंश कमी पडले, आजोबा." त्या संध्याकाळी तिने कोणी न सांगता आणखी सहा गणिते सोडवली. चुकीच्या लाइनची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पाडव्याच्या सकाळी सौभाग्यवती कुकर लावत होत्या. नात शेजारी उभी. झाकणातून वाफ फुरफुरू लागली तशी ती घाईने म्हणाली, "आजी, शिट्टी इतक्यात नको ठेवूस! आधी हवा जाऊ दे."

"मी पन्नास वर्षं तशीच ठेवते आहे," ती म्हणाली. "माझ्या आईने शिकवलंय." तिने वाफेची सरळ धार धरू दिली, मग शिट्टी ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघताच विचारले, "बाल्कनीचं दार उघडं असलं की आत सगळं ऐकू येतं हो. ते मामा, त्यांचं गाव कुठलं?"

मी गावाचे नाव सांगितले. तिने ते कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवले.