मोरीचा दात

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात शार्कला मोरी म्हणतात. केरीला रापण ओढली की तारल्या-बांगड्यांत एखादी हातभर मोरी असायची. आई तिचं आंबट-तिखट करायची आणि जबडा माझ्या वाट्याला यायचा. सुईच्या टोकासारखे दात, ओळीमागे ओळ. मोरीच्या अंगात हाड नसतं, नुसती कूर्चा. ती कुजते, दात उरतात. झिजलेले पडतात, मागचे पुढे सरकतात. हे जन्मभर चालतं. म्हणून खडकात शार्क सापडतो तो बहुधा दातांच्याच रूपाने. युरोपात असे दात सापांच्या दगड झालेल्या जिभा समजले जात. १६६६ साली इटलीत स्टेनो नावाच्या शास्त्रज्ञाने एका मोठ्या शार्कचं डोकं चिरलं आणि त्या जिभांची खरी ओळख पटवली. हे कॉलेजात वाचलं तेव्हापासून असा एक दात आपल्या मातीत मिळावा, ही ओढ मला लागली.

लग्न होऊन डिचोलीला आले. इथे लोखंडाच्या खाणींसाठी सगळीकडे खोदलेलंच होतं.

२०२०च्या टाळेबंदीत भाची ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा व्हिडिओ गेम खेळायची. जमिनीवर चांदणीच्या आकाराची भेग दिसली की खणायचं, सापडेल ते संग्रहालयातल्या घुबडाकडे न्यायचं. एकदा तिला दातांचं चक्र मिळालं. ते हेलिकोप्रियनचं, शार्कच्या दूरच्या नात्यातल्या माशाचं, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचं.

“मावशे, आपल्या खाणीत मिळेल असं?”

नाही मिळणार. शार्क पृथ्वीवर आले त्याला चाळीसेक कोटी वर्षं झाली. डिचोलीचा लोहखडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. तोही समुद्राच्याच तळाशी साचलेला, पाण्यात विरघळलेलं लोह थराथराने खाली बसून. भूशास्त्रात त्या थरांना डिचोलीचंच नाव आहे. पण तेव्हा दातच काय, जबडाही कुणाला नव्हता.

त्या खेळातही लोखंड मिळतं. खडकावर फावडं मारलं की गोळे पडतात. त्यांची हत्यारं करायची. संग्रहालयात जागा फक्त दाताला. आम्हीही तेच केलं. टिप्पर भरले, मांडवीतून बार्ज गेले, मुरगावहून जहाजं आधी जपानला, मग चीनला. एवढ्या जुन्या समुद्राचा एक तुकडासुद्धा आमच्या पोरांना नीट दाखवला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शिरगावच्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांचा कातळ अजून उघडा दिसतो. त्यातला एक उतार तरी, फलक लावून, न खोदता ठेवावा.