आठाची अट, सोळाचा हट्ट

लिनक्सच्या कर्नलमध्ये २०२१ साली झालेला एक छोटा बदल माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला समजावून सांगितला. तो प्रोग्रॅमिंग करतो, मी उर्दू-मराठी शिकवतो. तरी गोष्ट माझ्याच धंद्यातली निघाली.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिथे एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. बोलावलेलं फंक्शन सहसा स्टॅक नावाच्या मेमरीतल्या चळतीवर एक चिठ्ठी ठेवतं. चिठ्ठीत दोनच नोंदी : आधीची चिठ्ठी कुठे आहे आणि काम संपल्यावर परत कुठे जायचं. काही बिघडलं की या चिठ्ठ्या धरून मागे मागे जायचं. याला म्हणतात स्टॅक ट्रेस. आपल्या उर्दूतला ‘सिलसिला’च म्हणा ना!

पण मेमरीच बिघडली असेल, तर चिठ्ठीतला पत्ता खोटाही असू शकतो. म्हणून एआरएमच्या ६४-बिट प्रोसेसरसाठीचा कोड प्रत्येक चिठ्ठीचा पत्ता तपासायचा : १६ ने भाग जातो का? नाही गेला, की शोध तिथेच बंद.

गंमत अशी, की एआरएमच्या नियमांत १६ ची अट आहे ती स्टॅकच्या टोकाला. चिठ्ठीच्या पत्त्याला अशी अटच नाही. पुढे क्लँग हा कंपायलर मेमरीतल्या चुका पकडण्याच्या एका सुधारणेमुळे काही चिठ्ठ्या फक्त ८ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवणार होता. म्हणजे चुका पकडण्याच्या सोयीनेच चुकांचा माग तुटला असता!

दुरुस्ती इवलीशी : १६ च्या जागी ८. तपासणी मात्र काढून टाकली नाही. चिठ्ठीतली प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणून ८ ची अट रास्तच. त्यापुढचा हट्ट गेला.

हे ऐकताना मला मराठीचे पेपर दिसत होते. घरी उर्दू बोलणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘उधारी फेडायला बैल विकला.’ नमुना उत्तरात होतं, ‘कर्जाच्या परतफेडीसाठी’. तपासणाऱ्याने शून्य दिलं होतं. फेरतपासणीत मी पूर्ण गुण दिले. त्याच गठ्ठ्यात एका मुलाने ‘कर्ज चुकवायला’ लिहिलं होतं. उर्दूत कर्ज चुकाना म्हणजे फेडणं, मराठीत चुकवणं म्हणजे टाळणं. अर्थच उलटा झाला. त्याचे गुण कापले आणि का कापले, ते त्याला जवळ बसवून सांगितलं.

अट हवीच. पण ती अर्थाची आहे की आपल्या सवयीची, हे तपासणाऱ्याने आधी पाहायला हवं. कारण बरोबर उत्तराला शून्य मिळालेलं मूल पुढच्या वेळी जागा कोरी सोडतं. मग ते नेमकं कुठे अडतंय, हे शोधायला आपल्या हाती एकही चिठ्ठी उरत नाही.