बर्फावरचा गुलाबी डाग

विनिपेगला नवा आलेला माणूस हमखास विचारतो, "इथल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतात का?" त्याचंही बरोबर आहे. जिकडे पाहावं तिकडे गाडीच्या पुढच्या जाळीतून प्लग लोंबत असतो आणि पार्किंगमध्ये गाड्यांसमोर सॉकेटचे खांब उभे असतात. पण ती गाडी चार्ज होत नसते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये एक छोटा हीटर बसवलेला असतो. तो आतलं कूलंट कोमट ठेवतो, म्हणजे उणे तीसमध्ये सकाळी किल्ली फिरवली की इंजिन निदान हूं का चूं तरी करतं.

आमच्या पिढीची रेडिएटरशी ओळख झाली ती बोरघाटात. बॉनेट वर केलेली फियाट, कळशीतून ओतलेलं साधं पाणी, ओलं फडकं टाकून झाकण जपून फिरवणारे वडील आणि "लांब व्हा रे पोरांनो" म्हणून ओरडणारी आई. गाडी तापू नये म्हणून रेडिएटर, एवढंच तेव्हा कळायचं. इथे त्याच्या अगदी उलट. कूलंट कमी झालं की पहिल्यांदा गारठतो तो माणूस. गाडीतला हीटर म्हणजे दुसरा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि पंखा त्याची ऊब आत सोडतो. कूलंट नाही तर ऊब नाही. ऊब नाही तर समोरच्या काचेवरचं दव हटत नाही, आणि ते हटलं नाही की उणे तीसमध्ये काचेला आतून बर्फ धरतो. अशा वेळी गाडी चालवणं म्हणजे डोळे मिटून चालवणं.

माझी गाडी 2006 सालची जपानी सेदान आहे, सेफ्टी झालेली. ही सेफ्टी म्हणजे आमच्या मॅनिटोबा प्रांतात जुनी गाडी स्वतःच्या नावावर करण्याआधी करून घ्यावी लागणारी तपासणी. अडीच लाखांच्या वर किलोमीटर झाले तरी तक्रार नव्हती. जानेवारीत तिने एक विचित्र खोड काढली. सिग्नलला थांबलं की हीटरमधून गार वारा, गाडी पळायला लागली की पुन्हा गरम. ज्याला माहीत आहे त्याला यावरूनच अर्धं निदान होतं. कूलंट कमी झालेलं असतं, इंजिन मंद फिरताना पंप ते हीटरपर्यंत ढकलू शकत नाही, वेग वाढला की कसंबसं पोचतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या सगळ्यात साळसूदपणे मध्यावर उभा होता. त्याच्यावर विसंबू नये. कूलंट फार खाली गेलं तर सेन्सर भिजतच नाही, आणि कोरड्या सेन्सरचं मत काय कामाचं?

कूलंट हवेत विरत नाही. ते बाहेर गळतं, केबिनमधल्या हीटरमध्ये गळतं किंवा इंजिनाच्या आत जातं. आत जात असेल तर एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, गाडी गरम झाल्यावरही येतच राहतो. पण विनिपेगच्या जानेवारीत प्रत्येक गाडी पांढरा धूर सोडते, ती नुसती वाफ असते. तेलाच्या झाकणाच्या आत पिवळट-पांढरा साका दिसला की लोकांचा जीव खालीवर होतो, हेड गॅस्केट गेलं म्हणून. इथल्या थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो साका नुसत्या बाष्पानेही साचतो. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. केबिनमध्ये गोड वास, काचेला आतून चिकट धुकं आणि पायाशी ओलं कार्पेट, हे केबिनमधल्या हीटरच्या गळतीचं लक्षण. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून गाडी गॅरेजला दिली. त्यांनी रात्रभर आत ठेवली, रेडिएटरच्या तोंडावर पंप लावून दाब दिला आणि काही गळत नाही असं सांगितलं. वॉटर पंपाच्या छिद्रापाशी वाळलेली गुलाबी पुटं दिसली, तेव्हा पंप बदला, असा सल्ला आणि अंदाजपत्रक हातात दिलं. पंपाला ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की तिथून ठिबकायला लागतं. सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. पण वाळलेल्या पुटांनी एवढं कूलंट कसं संपेल, हे मला पटेना.

आमच्या शेजारी फिलिपिनो कुटुंब राहतं. या शहरात फिलिपिनो वस्ती मोठी आहे, त्यांच्या बेकऱ्या, त्यांची किराणा दुकानं सर्रास दिसतात. शेजारचे गृहस्थ निवृत्त मेकॅनिक. सगळी गल्ली त्यांना "कूया" म्हणते, म्हणजे दादा. अंदाजपत्रक त्यांनी वाचलंच नाही. "गाडी रात्री कुठे ठेवली होती?" एवढंच विचारलं. म्हटलं, आत, गॅरेजमध्ये.

"मग कशी गळेल? तिथे वीस डिग्री असणार. ती थंडीत गळते. रात्रभर बाहेर ठेवा, प्लग लावू नका, आणि सकाळी मी आल्याशिवाय चालू करू नका."

सकाळी उणे अठ्ठावीस होतं. कूयांनी टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घातलं आणि मला बोलावलं. पुणे असतं तर डांबरावर तो ओलावा दिसलाही नसता. इथे पांढऱ्या बर्फावर रुपयाएवढा गुलाबी डाग, कडेला फिका, मध्ये गडद. त्याच्या बरोब्बर वर रेडिएटरचा खालचा होज, आणि क्लॅम्पच्या कडेला एक थेंब, पडू की नको करत लटकलेला. हातपंपाने दाब दिल्याबरोबर थेंबामागून थेंब यायला लागले. इंजिन सुरू केलं, होजला ऊब पोचली, आणि सगळं बंद.

कारण साधं आहे. जुना रबर कडक होतो. कडाक्याच्या थंडीत तो आकसतो, खालची नळीही आकसते, आणि स्क्रूने आवळलेला पट्टीचा क्लॅम्प मात्र जिथे आवळला तिथेच राहतो. केसभर फट पडते. स्प्रिंगचा क्लॅम्प मापाबरोबर स्वतः आवळत जातो, म्हणून बऱ्याच गाड्यांना कारखान्यातून तोच येतो. आधीच्या कुणा मालकाने तो काढून स्क्रूवाला बसवला होता.

ब्लॉक हीटरचं तोंडही कूयांनी पाहून घेतलं. तो इंजिनाच्या ओतीव ब्लॉकमधल्या एका गोल भोकात बसवतात, आणि त्याच्या रिंगमधून गळती होणं हा या भागातला नेहमीचा रोग. ते कोरडं निघालं.

दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. नवा होज, दोन स्प्रिंग क्लॅम्प, खाली पसरट टब. वेळ खाल्ला तो हवेने. कूलंट भरताना आत हवेचा फुगा अडकला तर हीटर पुन्हा गारच. म्हणून गाडीचं तोंड चढावर, थंड इंजिनावरच झाकण उघडलेलं, हीटर पूर्ण गरमवर, आणि वरचा होज हाताने दाबत राहायचं. बुडबुडे येणं थांबलं आणि पातळी स्थिर झाली की झाकण लावायचं. गळती बुजवणाऱ्या औषधाची बाटली मी कपाटात आणून ठेवली होती, कूयांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली. गळती बुजवता बुजवता ते हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

मधल्या दिवसांत वर ओतलेल्या पाण्याने मिश्रण पातळ झालं असेल म्हणून त्यांनी गोठणबिंदू दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर जुन्या कूलंटचा एक थेंब टाकला. निळ्या-पांढऱ्यामधली रेघ उणे पंचविसाच्या आसपास. आमच्या रात्री याहून थंड असतात. कूलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल अर्धं-अर्धं असलं तर ते साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. मग नुसतं ग्लायकॉलच का भरू नये, असं वाटतं. पण शुद्ध ग्लायकॉल उणे 12-13 लाच गोठायला लागतं. एकटं पाणी शून्यावर, एकटं ग्लायकॉल उणे बाराच्या पुढे, आणि दोघं मिळून उणे 37. म्हणून सगळं काढून तयार मिश्रणच भरलं.

टबातलं जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून संकलन केंद्रावर द्यायचं असतं, गटारात नाही. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कूयांचा कुत्रा तेवढ्यात टबाकडे यायला निघालाच होता, त्याला त्यांनी गळपट्ट्याला धरून घरात कोंडलं आणि बर्फावरचा डागही फावड्याने उचलून डब्यात टाकला.

गॅरेजचं अंदाजपत्रक मी जपून ठेवलंय. पंपाजवळची पुटं खरी आहेत, तो आज ना उद्या जाणारच. "जूनमध्ये बदलू," कूया म्हणाले. "तेव्हा निदान बोटं तरी चालतील."